संगणक-शंका : महासंगणकावर तीन भाषांत लिहिलेले प्रारूप बसवताना

प्रश्न : मी सांगलीच्या एका महाविद्यालयात संशोधन करते. 2019 च्या महापुरानंतर आमच्या गटाने कृष्णेच्या पूरपातळीचे एक प्रारूप लिहिले. त्यातील मुख्य गणित फॉरट्रानमध्ये, काही भाग सीमध्ये आणि ते चालवणारी बाजू पायथनमध्ये आहे. माझ्या लॅपटॉपवर ते व्यवस्थित चालते. परंतु पुण्यातील महासंगणकावर, जिथे आम्ही इंटेलचा कम्पायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) वापरतो, प्रथम नेटसीडीएफची (वैज्ञानिक माहिती साठवण्या-वाचण्याच्या लायब्ररीची) मॉड्यूल फाइल वाचता येत नाही असा संदेश आला. सहकाऱ्याने दुसऱ्या फोल्डरमधून ती फाइल आणून ठेवल्यावर तो गेला. आता शेवटी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' (मागितलेले नाव सापडत नाही) अशा शेकडो ओळी येतात. सीचा भाग मात्र विनातक्रार जोडला जातो. चूक कुठे असावी?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सहकाऱ्याने फाइल आणून ठेवल्याचे आहे, कारण पहिला संदेश खरे निदान सांगत होता आणि त्या उपायाने तो केवळ झाकला गेला. फॉरट्रान 90 ने भाषेत मॉड्यूल (उपक्रम, म्हणजे सबरूटीन, एकत्र ठेवणारा गठ्ठा) आणले, परंतु मॉड्यूल फाइलचे स्वरूप काय असावे आणि त्यातील उपक्रमाला लिंक करताना, म्हणजे कम्पायल झालेले तुकडे जोडताना, कोणते नाव द्यावे, हे मानकाने ठरवून दिले नाही. प्रत्येक कम्पायलरने ते आपापल्या पद्धतीने ठरवले. म्हणून जीफॉरट्रान या दुसऱ्या, मुक्त कम्पायलरने तयार केलेली मॉड्यूल फाइल इंटेलच्या कम्पायलरला वाचता येत नाही. आणलेली फाइल बहुधा इंटेलने तयार केलेली आहे, त्यामुळे कम्पायल होणे सुरू झाले. मात्र जोडताना वापरली जाणारी लायब्ररी अजून जीफॉरट्रानचीच आहे. मॉड्यूल फाइल आणि लायब्ररी ही जोडी आहे, ती फोडता येत नाही.

याची खात्री आपल्याला त्या शेकडो ओळींतूनच करता येईल. त्यांतील नावांत 'नेटसीडीएफ', मग 'एमपी' आणि शेवटी एक अंडरस्कोअर दिसत असेल, तर मागणी इंटेलच्या पद्धतीची आहे. आता लायब्ररीतील नावे दाखवणारी 'एनएम' ही आज्ञा तिच्यावर चालवा. तिथे सुरुवातीला दोन अंडरस्कोअर आणि मध्ये मोठ्या अक्षरांत 'एमओडी' असेल, तर पुरवठा जीफॉरट्रानचा आहे. सीमध्ये दोन्ही कम्पायलर उपक्रमाचे नाव जसेच्या तसे ठेवतात, म्हणून तो भाग निमूटपणे जोडला जातो आणि आपला सगळा संशय उगाच फॉरट्रानच्या कोडवर जातो. आपले कोड लॅपटॉपवर चालते, तेव्हा ते बदलत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय असा, की एक कम्पायलर निवडावा आणि नेटसीडीएफ, एमपीआय (अनेक प्रोसेसरांना एकमेकांशी बोलू देणारी लायब्ररी) व आपले प्रारूप ही सगळी साखळी त्याच एका कम्पायलरची ठेवावी. नेटसीडीएफची सी आणि फॉरट्रान लायब्ररी ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत. फॉरट्रानचे पॅकेज कशाने बांधले आहे, हे 'एनएफ-कॉन्फिग' ही आज्ञा सांगते. स्थिर (स्टॅटिक) लायब्ररी जोडताना फॉरट्रानची आधी आणि सीची नंतर लिहावी, कारण पहिली दुसरीवर अवलंबून असते. एमपीआयचा 'एमपीआयएफ90' हाही स्वतः कम्पायलर नसून दुसऱ्या कम्पायलरला हाक मारणारे आवरण आहे. इंटेलचे मॉड्यूल (इथे फॉरट्रानचे नव्हे, तर महासंगणकावर सॉफ्टवेअर निवडण्याचे) लोड केलेले असूनही ते आतून जीफॉरट्रान चालवत असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. एमपीआयच्या एमपिच या प्रकारात 'शो' आणि ओपन एमपीआय या प्रकारात 'शोमी' हा पर्याय देऊन, ते कोणत्या कम्पायलरला हाक मारते हे विचारता येते.

आपल्याकडे पायथन असल्याने आणखी एक काळजी घ्या. कोंडाचे (पायथनची पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाचे) वातावरण चालू असताना कम्पायल केले, तर शोधमार्गात त्याच्या लायब्ररी आणि 'कॉन्फिग' आज्ञा पुढे येतात व महासंगणकावरच्या मागे पडतात. नवीन सत्र उघडावे, कोंडा बंद ठेवावा, 'मॉड्यूल पर्ज' करून, म्हणजे लोड केलेली मॉड्यूल काढून टाकून, नेमकी हवी तेवढीच मॉड्यूल लोड करावीत, जुन्या ऑब्जेक्ट व मॉड्यूल फाइली, विशेषतः ती आणलेली फाइल, पूर्णपणे पुसाव्यात आणि मगच सुरुवात करावी. सगळा लॉग फाइलमध्ये साठवून पहिली चूक वरून शोधावी. खालच्या बहुतेक ओळी तिचेच पडसाद असतात.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितो. प्रारूप महासंगणकाच्या लॉगिन नोडवर (आपण प्रवेश करतो त्या संगणकावर) चालते, पण जॉब पाठवल्यावर लगेच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येऊन बंद पडते.

उत्तर : कम्पायल करताना आपण 'मार्च नेटिव्ह' हा पर्याय दिला असावा. त्याने कम्पायलर समोरच्या प्रोसेसरला येणाऱ्या सर्व सूचना वापरतो, आणि कम्प्यूट नोडचा (जॉब प्रत्यक्ष चालतो त्या संगणकाचा) प्रोसेसर वेगळा किंवा जुना असेल तर त्याला त्या कळत नाहीत. परस्परसंवादी जॉब घेऊन कम्प्यूट नोडवरच कम्पायल करावे, किंवा त्या प्रोसेसरचे नाव स्पष्टपणे द्यावे. नंतर लायब्ररी सापडत नसल्याचा संदेश आला, तर जॉबच्या स्क्रिप्टमध्येही तीच मॉड्यूल लोड केली आहेत का, ते तपासावे.