वाचकांचे प्रश्न : बॅटरीवरचा पोल सॉ

वळवाचे दिवस जवळ आले की घरावर, गोठ्यावर झुकलेल्या फांद्या उतरवायची घाई सुरू होते. दांड्याच्या टोकाला छोटी साखळी करवत असलेला बॅटरीवरचा पोल सॉ आता गावोगावी दिसतो. या खेपेला आलेले सगळे प्रश्न त्याचेच आहेत.

परड्यातल्या आंब्याची मनगटापेक्षा जाड फांदी कौलांवर आली होती. वरून निम्मी कापली तोच ती कडकन मोडली आणि खोडाची दोन फूट साल सोलून खाली आली. यंत्रात दोष आहे का? – वाचक, कागल

यंत्र ठीक आहे. फांदी एकाच कापात पाडली, तिथं घोटाळा झाला. आडव्या फांदीच्या वरच्या अंगाचे तंतू ताणलेले असतात, खालच्या अंगाचे दाबलेले. वरून कापत गेलात की खाली उरलेल्या थोड्याशा लाकडावर सगळा भार येतो. ते तुटत नाही, चिरत खोडापर्यंत जातं आणि साल ओढून नेतं.

म्हणून काप तीन घ्यायचे. पहिला खोडापासून फूट-सव्वा फुटावर, खालच्या बाजूनं, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. जास्त खोल गेलात तर फांदी वाकून खाच मिटते आणि बार (साखळी जिच्या कडेनं फिरते ती लोखंडी पट्टी) आत अडकतो. हा काप बारच्या वरच्या कडेनं होतो. तिथं साखळी टोकाकडे पळत असते, त्यामुळे यंत्र तुमच्याकडे ढकललं जातं. दांडा दोन्ही हातांनी पक्का धरा आणि तो पोटासमोर नको, अंगाच्या बाजूला ठेवा.

दुसरा काप त्या खाचेच्या दोन बोटं पुढे, फांदीच्या शेंड्याकडे, वरून. इथं साखळी यंत्राला फांदीकडे ओढते. बारच्या बुडाशी जो अडथळा किंवा हूक असतो तो आधी फांदीला टेकवा, मग बटण दाबा. वरून दाब देऊ नका, करवतीच्या डोक्याचं वजन पुरतं. फांदी खालच्या खाचेपाशी मोडून पडेल, साल शाबूत राहील. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी खोडाला मिळते तिथं फुगीर कडं असतं, त्याच्या लगेच बाहेरून कापा. कडं छाटून खोड सपाट केलंत तर जखम भरायला फार वेळ लागतो, आणि वीतभर खुंट ठेवलात तर तो कुजत आत जातो.

तुमची फांदी कौलांवर आहे, तेव्हा या तीन कापांआधी शेंड्याकडून हात-दीड हाताचे तुकडे पाडत आत या. लांब फांदी अख्खी सोडली की ती कुठं झोके घेईल ते सांगता येत नाही.

आता पत्रात न विचारलेली, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: तुम्ही उभे कुठं होता? दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा झाला की तुम्ही फांदीच्या खाली आलात असं समजा. तुटलेली फांदी दांड्यावरूनच घसरत हातावर येते, किंवा बुंध्याकडून आधी जमिनीला टेकून उसळते. बाजूला उभं राहा, पायाखालचा पाला-काटक्या आधी झाडून घ्या, मागं सरकायची वाट मोकळी ठेवा. बाकीची माणसं आणि जनावरं १५ मीटर लांब. हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, पकड असलेले बूट हवेतच. गळ्यात टॉवेल नको. बारच्या टोकाचा वरचा कोपरा शेजारच्या डहाळीला लागू देऊ नका, तिथं यंत्र झटक्यानं उलटं फिरतं. आणि ८ इंची बार असेल तर ६ इंचांपेक्षा जाड फांदी त्याच्या वाट्याला देऊ नका.

आंब्याच्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं चालत नाही.

दारातल्या गुलमोहराच्या फांद्या विजेच्या तारांना टेकतात. दांडा फायबरचा आहे, शॉक लागणार नाही, असं दुकानदार म्हणाला. कापू का? – वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

नाही. दांडा फायबरचा असला तरी हे यंत्र विजेपासून संरक्षण देणारं म्हणून बनवलेलं नसतं. बार आणि साखळी लोखंडाची, बऱ्याच यंत्रांत दांडा ॲल्युमिनियमचा, आणि ओली फांदी स्वतःच वीज वाहून नेते. यंत्रांच्या माहितीपुस्तकांत तारेपासून साधारण १५ मीटर अंतर सांगितलेलं असतं. शहरातल्या गल्लीत एवढी जागा मिळत नाही, म्हणजेच ते काम तुमचं नाही. महावितरणला १९१२ वर कळवा. पुरवठा बंद करून फांद्या काढायचं काम त्यांच्या माणसांचं. फांदी तारेवर पडलीच तर काठीनंही हात लावू नका. शिवाय शहरात झाडाला करवत लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, झाड आपल्या दारात असलं तरी.

करवत कापत नाही, धूर काढते. लाकडाची नुसती पूड पडते. साखळी नवी घ्यावी का? – वाचक, गडहिंग्लज

थांबा, आधी बॅटरी काढा आणि मगच साखळीला हात लावा. बटणाला चुकून बोट लागायला वेळ लागत नाही.

पहिलं पाहायचं ते साखळी उलटी बसलीय का. साफ करून परत लावताना हे हमखास होतं. बारच्या वरच्या कडेवर दातांची धार टोकाकडे असली पाहिजे. ती सुलट असेल तर पूड पडणं म्हणजे धार गेली. धारदार साखळीचे छिलके पडतात. या छोट्या साखळ्यांना बहुतेक वेळा ४ मिमीची गोल कानस लागते, तरी माप माहितीपुस्तकात बघून घ्या. दाताच्या वरच्या कडेशी ३० अंशांचा कोन धरून कानस आतून बाहेर, एकाच दिशेनं ढकलायची. प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की करवत तिरकी जाते. चार-पाच वेळा धार लावल्यावर दातापुढचा छोटा उंचवटाही चपट्या कानशीनं उतरवावा लागतो; तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. जास्त उतरवलात तर करवत लाकूड चावून झटके देते.

ताण बघायचा तो बारचं टोक वर उचलून धरून. साखळी बारच्या खालच्या कडेला टेकलेली हवी, तरी हातमोजा घालून ओढली तर फिरली पाहिजे. नवी साखळी पहिल्या काही मिनिटांतच सैल पडते. तापलेली असताना आवळली असेल तर काम संपल्यावर ढिली करा. थंड झाली की ती आखडते.

धार आणि ताण दोन्ही ठीक असूनही धूर आला तर तेल पोचत नाही. फिकट पुठ्ठ्यासमोर करवत काही सेकंद फिरवा, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून त्याची खोबण आणि तेलाचं भोक तारेनं साफ करा.

बार ऑइलऐवजी ट्रॅक्टरचं काढलेलं ऑइल किंवा शेंगतेल चालेल का? – वाचक, राधानगरी

काढलेलं ऑइल नको. त्यात धातूचा कीस असतो, पंप आणि बार दोन्ही झिजतात, आणि ते जमिनीवर, झाडावर, तुमच्या कातडीवर उडतं. शेंगतेल एखाद्या दिवशी अडीनडीला चालतं, पण टाकीत राहिलं तर चिकटून गोंद होतं. संध्याकाळी टाकी रिकामी करा.

शिडीवर चढून पोल सॉ वापरला तर नारळाच्या झावळ्या निघतील ना? – वाचक, आजरा

शिडी नकोच. दोन्ही हात दांड्याला अडकलेले, आणि करवत ढकलली की तोल मागं जातो. झावळीचे लांब तंतू साखळीच्या चाकात गुंतून ती अडवतात, हे वेगळंच. नारळावर चढणाऱ्या माणसाला बोलवा.