नळाच्या पाण्यात क्लोरोफॉर्म : दावा कुणावर आणि कशाचा?

प्रश्न : आमची नगरपरिषद नदीचं पाणी पुरवते. पावसाळ्यात क्लोरीनचा उग्र वास येऊ लागला म्हणून सोसायटीतल्या घरच्या नळाचं पाणी खासगी प्रयोगशाळेत तपासलं. क्लोरोफॉर्म, म्हणजे क्लोरीनमुळे पाण्यातच बनणारं रसायन, लिटरला ०.२६ मिलिग्रॅम निघालं. अभियंता म्हणतात, मानक बंधनकारक नाही. भरपाईचा दावा लावू का?

उत्तर : भरपाईच्या मागे लागू नका. याच पाण्यामुळे अमुक आजार झाला हे सिद्ध करण्यात वर्षं जातील. पाणी सुधारण्याचा आदेश मागा.

अभियंत्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. भारतीय मानक १०५०० : २०१२ मध्ये क्लोरोफॉर्मची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे, पण नळपाण्याला ते सक्तीचं नाही. तरीही नगरपरिषद सुटत नाही. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात प्रदूषणमुक्त पाणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग मानला गेला. गंमत म्हणजे ती याचिका फेटाळली गेली, कारण तिच्यामागे वैयक्तिक राग होता! तेव्हा अभियंत्यांशी झालेली बाचाबाची अर्जात आणू नका.

तुमची खरी कमकुवत बाजू नमुना आहे. बाटली काचेची, काठोकाठ भरलेली, आत बुडबुडा नाही, क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घातलेलं आणि बर्फात ठेवलेली हवी. नाहीतर बाटलीतच क्लोरोफॉर्म बनत राहतं, आणि समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढेल. दुसरा मुद्दा सोसायटीच्या टाकीचा. तिथे कुणी अंदाजाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकत असेल तर दोष नगरपरिषदेच्या गळ्यात मारता येणार नाही. म्हणून एक नमुना टाकीआधीच्या जोडणीवर आणि एक स्वयंपाकघरात, दोन्ही पंचांसमक्ष घ्या.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ प्रमाणे पदार्थाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात; हे फार कमी लोक वापरतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. सोबत तुरटी आणि क्लोरीनच्या मात्रेच्या नोंदी मागा, आणि क्लोरीनचा पहिला डोस गाळ बसण्याआधी देतात की नंतर, तेही विचारा. पालापाचोळ्याने गढूळ झालेल्या पाण्यात आधीच क्लोरीन ओतलं की क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ जास्त बनतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

क्लोरीन बंद करा, असं मात्र कुठेही लिहू नका. गॅस्ट्रोची साथ आली तर तुमचाच अर्ज दाखवतील.

कागद हातात आले की मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, दोन्हीवर पोच घ्या. दखल घेतली नाही तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जनहित याचिका करता येते. ग्राहक आयोगात जाऊ नका. पाणीपट्टी कर की सेवेचा मोबदला, यातच तारखा पडत राहतील.