जखम वाळू देऊ नकोस

प्रिय,

काल तू कॉलर मागे ओढून मान दाखवलीस आणि मी ओरडलेच. गाठ काढून पाच दिवस झालेत आणि पट्टी गायब! “एक म्हणतो उघडी ठेव, दुसरा म्हणतो झाक, म्हणून मी काहीच केलं नाही.” हे काय उत्तर झालं?

जखम वाळू देऊ नकोस. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांच्या त्वचेवर दाखवून दिलं की, झाकलेल्या, ओलसर जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने धरते. खपली कडक झाली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. तरी लोक अजून ‘हवा लागू दे’ म्हणतातच!

रोज हात धुऊन साध्या साबण-पाण्याने जखम अलगद धू, टिपून घे, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लाव, वर न चिकटणारी पट्टी. घामाने भिजली तर लगेच बदल. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

माझ्या खांद्यावरचा व्रण तू पाहिला आहेस. टाक्यांची रेघ होती, आता बोटभर रुंद, चकचकीत पट्टा आहे. मीही जखम वाळवली. खपली धरली, खाज सुटली, रात्री झोपेत नखं लागली. तिसऱ्या आठवड्यात जड खोकी उचलली. तेव्हा जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी ताकद असते, हे मला कुणी सांगितलंच नाही. घरातली मोठी माणसं हवा लागू दे म्हणत होती, त्यांचं म्हणणं कसं मोडायचं? पण नखं माझीच होती. म्हणून तुला सांगते, वाळू देऊ नकोस.

टाके कधी काढायचे ते डॉक्टर ठरवतील. तोवर मान ताणू नकोस, वजन उचलू नकोस. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायला हवं. उलट वाढलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखव. जखम भरली की उन्हात सनस्क्रीन, नाहीतर व्रण काळा पडतो. गाठीची पिशवी पूर्ण निघाली का, हेही विचार. थोडी राहिली तरी गाठ परत येऊ शकते.

मानेमागे तुला दिसत नाही, हातही नीट पोचत नाही. संध्याकाळी पट्ट्या घेऊन ये, मी बदलून देते.