आयफोनच पाहिजे म्हणते, काय करू?

प्रश्न : ताई, मुलगी इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे आणि आयफोनच पाहिजे म्हणून अडून बसलीये. सगळा ग्रुप आयफोनवाला, फोटो एअरड्रॉपवर (आयफोनमधलं नेटशिवाय फोटो पाठवायचं साधन) फिरतात, मी एकटीच राहते म्हणते. माझं बजेट तीस हजार, ओढूनताणून पस्तीस. सेकंडहँड आयफोन घ्यावा का चांगला अँड्रॉइड घेऊन विषय संपवावा? – एक बाबा, बिबवेवाडी

उत्तर : विषय काही संपणार नाही, ते सोडा. एकटी पडण्याचं म्हणाल तर अमेरिकेत पोरं मेसेजचा बुडबुडा निळा (आयफोनवाल्याचा) का हिरवा (अँड्रॉइडवाल्याचा) यावरून एकमेकांना चिडवतात, आपल्याकडे सगळी दुनिया व्हॉट्सॲपवर, त्यामुळे तो त्रास इथे नाही. राहिला एअरड्रॉप, तर ट्रिपचे फोटो एखाद्या शेअर्ड अल्बममधून पण मिळतात. अर्थात खरं कारण एअरड्रॉप नाहीये हे तुम्हालाही माहितीये आणि तिलाही.

आता पैशाचं. सेकंडहँड आयफोन वाईट अजिबात नाही, त्याला अपडेट बरीच वर्षं येतात, २०१८ चा आयफोन एक्सएस २०२४ च्या आयओएस १८ (आयफोनची सिस्टीम) पर्यंत आला आणि २०२५ ला यादीतून गेला. म्हणजे साधारण सहा-सात वर्षं धरा, पण ती फोन बाजारात आला तेव्हापासून मोजायची, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही, आणि लोक नेमके इथेच गंडतात. चार वर्षं जुना घेतलात तर तिची डिग्री होऊन नोकरी लागेपर्यंत अपडेट संपत आलेले असणार. उलट अँड्रॉइड म्हणजे दोन वर्षांत भंगार ही जुनी समजूत आता सगळ्यांना लागू नाही. गूगलनं २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिलाय, सॅमसंगच्या ए१६ सारख्या स्वस्तातल्या फोनलाही सहा वर्षं आहेत. बाकी कंपन्यांचं मॉडेल बघून ठरवायचं. बॉक्सवर मेगापिक्सेल एवढे मोठे छापतात आणि अपडेट किती वर्षं ते कुठेच नाही, काउंटरवरच्या पोराला विचारलं तर "येतात ना सर, सगळे येतात"!

माझं मत विचाराल तर तीस हजारात नवा अँड्रॉइड, अपडेटची वर्षं बघून. तरी सेकंडहँडच ठरलं तर पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा, ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे धरून भाव करा. मग जनरलमध्ये अबाउट उघडा, नव्या मॉडेलांमध्ये स्क्रीन किंवा बॅटरी बदललेली असेल तर तिथे दिसतं. विकणाऱ्याचा ॲपल आयडी (आता त्याला ॲपल अकाउंट म्हणतात) त्याच्याच हातून काढून घ्या, तो राहिला तर फोन लॉक आणि तुम्ही त्याच्या मागे. शेवटचं म्हणजे *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, बघायचा आणि इंग्रजीत केवायएम, मग स्पेस, मग तो पंधरा आकडी नंबर असा मेसेज १४४२२ ला टाकायचा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळतं. हे करताना दुकानदार कुरकुरला तर बाहेर पडा. आणि तिला बरोबर न्या, रोज फोन वापरायचाय तिला.

प्रश्न : नातू अमेरिकेतून येताना माझ्यासाठी नवा आयफोन आणतोय. माझा सॅमसंग आहे. व्हॉट्सॲपवरचे भजनी मंडळाचे मेसेज, ह्यांचे जुने व्हॉइस मेसेज सगळं नव्या फोनमध्ये येईल ना? आणि मराठी लिहिता येईल ना? – एक आजी, सदाशिव पेठ, वय ७४

उत्तर : आजी, मराठी कीबोर्ड आयफोनमध्ये आहे, ती काळजी सोडा. पण नातवाला आजच फोन करा, कारण तिकडे विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ व्या मॉडेलपासून सिमकार्ड घालायची जागाच नसते, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायचं सिम, चालतं. म्हणजे तुमचं कार्ड काढून घालता येणार नाही, तुमच्या कंपनीकडून तोच नंबर ई-सिमवर करून घ्यावा लागेल. जमत नसेल तर कंपनीच्या दुकानात जा, आधार कार्ड बरोबर ठेवा.

व्हॉट्सॲपचं जरा नाजूक आहे. सॅमसंगचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो आणि आयफोन तो वाचत नाही. "मूव्ह टू आयओएस" नावाच्या ॲपनं न्यावं लागतं, आणि ते आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच. नातवानं विमानतळावरच उघडून सगळं सेट केलं तर पुन्हा पुसून पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा त्याला सांगा, खोका फोडू नकोस, घरी ये, चहा घे, मग दोन्ही फोन चार्जरला लावून निवांत बसून कर. सगळं आलंय, आजोबांचा आवाज वाजतोय हे स्वतः ऐकल्याशिवाय जुना फोन कुणाला देऊ नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ठराव झालाय की ग्रुप व्हॉट्सॲपवरून अरट्टईवर न्यायचा, स्वदेशी म्हणून. निम्मे गेले निम्मे राहिले. आता गुरुवारी पाणी बंद असल्याचा मेसेज एका ग्रुपवर येतो आणि टँकरचा दुसऱ्यावर. करावं काय? – त्रस्त सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर : हसले, सॉरी. अरट्टई झोहोचं, चेन्नईच्या कंपनीचं, २०२१ पासूनच होतं, २०२५ च्या सप्टेंबरात एकदम उसळलं. ॲप वाईट नाही. फक्त त्या गर्दीच्या वेळी त्यात कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय कंपनीलाही न कळणारे) होते आणि मेसेज नव्हते, त्यामुळे कुलूपकिल्लीची माहिती टाकण्याआधी सध्या काय आहे ते सेटिंगमध्ये बघून घ्या. पण तुमची अडचण ॲपची नाहीच, माणसांची आहे. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी पॉलिसीवरून सगळे सिग्नल नावाच्या मेसेजिंग ॲपवर धावले होते, आठवतंय? त्यातले बरेचसे गुपचूप परत आले, कारण दूधवाला, क्लासच्या बाई, बँकेतला ओळखीचा माणूस सगळे इकडेच. हाइक हे मेसेजिंग ॲप आपलंच होतं, २०२१ ला बंद पडलं, ट्विटरसारखं कू २०२४ ला. चांगलं ॲप असून भागत नाही, तुमच्या मजल्यावरचे सगळे तिथे लागतात.

माझा सल्ला म्हणजे ठराव मागे घेऊ नका, उगाच मीटिंगमध्ये पुन्हा भांडणं. पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स एवढं दोन्हीकडे टाका, आणि गुड मॉर्निंग, फुलं, राजकारण हे सगळं नव्या ॲपवर न्या म्हणून सांगा, निम्मी सोसायटी तुम्हाला दुवा देईल.

प्रश्न : माझ्या आयफोनवर कॅबचं भाडं जास्त दिसतं आणि मिस्टरांच्या साध्या फोनवर कमी, तेच विमाननगर ते स्टेशन. हे मुद्दाम करतात का? – एक वाचक, विमाननगर

उत्तर : शंका तुमच्या एकटीची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ च्या जानेवारीत ओला आणि उबरला याच मुद्द्यावर नोटिसा काढल्या होत्या. दोघांनीही फोन बघून भाडं ठरवत नाही असं सांगितलं. घरी पडताळणं अवघडच, कारण भाडं मिनिटामिनिटाला हलतं आणि एखाद्या अकाउंटला सवलत लागलेली असते, दुसऱ्याला नसते. तरी दोन्ही फोनचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना उपयोगी पडतील. तोवर मिस्टरांच्या फोनवरून बुक करा, नाहीतर स्टँडवरच्या रिक्षाला मीटरनं येणार का विचारा. लगेच हो म्हणाला तर स्टँड कुठला ते आम्हाला जरूर कळवा.