2009 मध्ये यांगने टायगर वुड्सला हरवलं ते नशिबाने की खेळाने?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जागतिक क्रमवारीत 110 वा असलेला कोरियाचा गोल्फपटू वाय. ई. यांग पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वुड्सला मागे टाकून जिंकला, ती एका दिवसाची लॉटरी होती का? आणि एखाद्या भारतीयाला असं कधी जमेल का?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि त्या आठवड्यात यांगने चार दिवसांत 280 फटके मारले. त्यातला एक नशिबाचा होता, असं खुशाल म्हणा. उरलेल्या 279 चं काय करायचं?

आधी त्या वेळचा वुड्स डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट 2009. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो परतला होता आणि आधीच्या लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन स्पर्धा जिंकून हेझेल्टाइनला आला होता. मिनेसोटा राज्यात चास्का नावाचं गाव आहे, तिथलं हे मैदान. मेजर, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांपैकी एक (पीजीए चॅम्पियनशिप त्यातलीच). अशा स्पर्धेत तिसऱ्या दिवसअखेर वुड्स एकटा किंवा बरोबरीने आघाडीवर असला, की चौथ्या दिवशी कप त्याचाच. असं 14 वेळा झालं होतं आणि 14 ही वेळा तोच जिंकला होता. शेवटच्या जोडीत त्याच्यासोबत खेळणारे बरेचसे दिवसाच्या 18 होलांपैकी पहिल्या दोन-तीनांतच ढेपाळायचे. चांगले नावाजलेले खेळाडू, पण शेवटच्या दिवशी वुड्स घालायचा तो लाल शर्ट समोर दिसला की फूटभराचे पट, म्हणजे होलजवळचे हलके फटके, चुकायला लागायचे. रविवारी सकाळी तो दोन फटक्यांनी पुढे होता. आता ट्रॉफी हातात द्यायची तेवढी बाकी, अशीच सगळ्यांची समजूत होती.

आता आकडे बघा, कारण नशिबाची गोष्ट आकड्यांपुढे टिकत नाही. पहिल्या दिवशी वुड्स 67, यांग 73. म्हणजे पठ्ठ्या सहा फटके मागे. दुसऱ्या दिवशी दोघेही 70, अंतर तेवढंच. तिसऱ्या दिवशी यांग 67, वुड्स 71. चौथ्या दिवशी यांग 70, वुड्स 75. शेवटच्या दोन दिवसांत यांग जगातल्या सर्वोत्तम खेळाडूपेक्षा नऊ फटके कमी खेळला. एखादा चेंडू नशिबाने होलमध्ये गेला तर एक-दोन फटके वाचतात. नऊ नाही.

माझ्या मते ही स्पर्धा शनिवारीच, म्हणजे तिसऱ्या दिवशी, फिरली, आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. शुक्रवारी संध्याकाळी वुड्सकडे दुसऱ्या क्रमांकावर चार फटक्यांची आघाडी होती (यांग सहाने मागे होता). शनिवारी तो आघाडी राखायला खेळला: ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, मधोमध मारायचं, दोन पट करायचे, पुढे चालू लागायचं. एरवी यात काही चूक नाही. वर्षानुवर्षं तो असाच जिंकत आला होता, कारण मागचे लोक आपापल्या चुकांनी आणखी मागे पडायचे. पण त्या दिवशी मागून एक जण 67 मारून आला. चाराची आघाडी दोनवर आली आणि रविवारच्या शेवटच्या जोडीत वुड्सच्या शेजारी हा माणूस उभा राहिला.

हा माणूस कोण, तेही जरा सांगतो, कारण 'अनोळखी' म्हणताना आपण त्याच्यावर थोडा अन्यायच करतो. यांग योंग-उन जेजू बेटावरचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला व्यायामशाळा काढायची होती, शरीरसौष्ठवाचं वेड होतं. गुडघा दुखावला आणि ते राहून गेलं. एकोणिसाव्या वर्षी पोटापाण्यासाठी गोल्फच्या एका सराव-मैदानावर, म्हणजे ड्रायव्हिंग रेंजवर, चेंडू गोळा करायच्या कामाला लागला आणि तिथे लोकांचं बघून बघून स्वतः मारायला शिकला. वुड्सच्या हातात दुडदुडत्या वयात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आला होता. यांगच्या हातात तो आला तेव्हा मिसरूड फुटून जुनं झालं होतं. वडिलांना हा श्रीमंतांचा खेळ पसंत नव्हता, मुलाने शेती बघावी असं त्यांचं म्हणणं. मग लष्करातली सक्तीची नोकरी, मग कोरियातल्या स्पर्धा, मग जपान. जेजूला वारा भयंकर, आणि त्या वाऱ्यात खेळून तयार झालेला म्हणून त्याला 'वाऱ्याचा पुत्र' म्हणत. (हेझेल्टाइनलाही त्या रविवारी चांगलाच वारा होता.)

आणि वुड्सला हरवायची त्याची ही पहिली वेळ नव्हती! 2006 च्या नोव्हेंबरमध्ये शांघायच्या एचएसबीसी चॅम्पियन्समध्ये यांग पहिला आणि वुड्स दोन फटक्यांनी दुसरा. पुढे अमेरिकेत त्याचा जम बसेना. 2008 च्या अखेरीस पात्रता शाळेतून, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत (टूरवर) खेळण्याचं कार्ड मिळवण्याच्या परीक्षेतून, त्याला पुन्हा जावं लागलं. पण मार्च 2009 मध्ये तो होंडा क्लासिक जिंकला. म्हणजे 110 हा आकडा खरा असला तरी त्यामागचा माणूस कच्चा नव्हता.

रविवारचा पहिला अर्धा भाग भरभर सांगतो. यांगच्या बरोबरीने दुसऱ्या क्रमांकावर असलेला आयर्लंडचा पॅड्रिग हॅरिंग्टन आठव्या होलवर, पार 3 च्या (म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या) होलवर, तब्बल आठ फटके घेऊन शर्यतीतून बाहेर पडला. वुड्सचे पट आत जाईनात. यांग मात्र हलला नाही. 13 होल झाले तेव्हा दोघे बरोबरीत.

चौदावा होल पार 4 चा, पण त्या दिवशी तो जेमतेम 300 यार्डांचा ठेवला होता. म्हणजे दम असेल तर पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठा. वुड्सचा चेंडू ग्रीनशेजारच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला, यांगचा ग्रीनच्या थोडा अलीकडे थांबला. साधारण 20 यार्डांवरून यांगने हलकेच चिप, म्हणजे जवळून उचलून मारायचा छोटा फटका, मारली. चेंडू टप्पा घेऊन घरंगळत गेला आणि थेट होलमध्ये पडला. ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन कमी. नशिबाचा फटका म्हणायचा तर हाच. तिथून चेंडू होलजवळ ठेवणं हे कौशल्य, आत पडणं ही वरकमाई. पण पुढे काय झालं तेही बघा: वुड्सने बंकरमधून सुंदर बाहेर काढून बर्डी (पारपेक्षा एक कमी) केली. म्हणजे त्या चमत्काराने मिळालेली आघाडी फक्त एका फटक्याची. सतराव्या होलवर दोघांनीही एकेक फटका जास्त घेतला. अठराव्यावर आले तेव्हाही अंतर एकचं.

आणि आता तो फटका, ज्यासाठी मी हे एवढं लांबण लावलंय. यांगचा चेंडू फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डाव्या कडेला होता. ग्रीनपर्यंत सुमारे 210 यार्ड, रेषेत एक झाड, ग्रीनच्या तोंडाशी बंकर. एका फटक्याची आघाडी असलेला माणूस अशा वेळी काय करतो? ग्रीनच्या रुंद बाजूला मारतो, दोन पट करून पार घेतो आणि समोरचा काय करतो ते बघतो. शनिवारी वुड्सने हेच केलं होतं. यांगने हायब्रिड, म्हणजे लांब फटक्यांचा क्लब, काढला आणि झाडावरून थेट झेंड्यावर मारला. चेंडू होलपासून काही फुटांवर जाऊन बसला. वुड्सचा ग्रीनच्या डावीकडे लांब गवतात गेला. तिथून त्याला चिप आत घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं, ती गेली नाही. यांगने बर्डीचा पट घातला, मूठ आवळून ओरडला आणि आपली जड गोल्फ बॅग दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली. शरीरसौष्ठव अर्धवट सुटलेल्या माणसाला ते शोभूनही दिसलं.

शेवटचा हिशोब: यांग पारखाली आठ, वुड्स पारखाली पाच. तीन फटक्यांचा फरक.

"पण वुड्स वाईट खेळला," असं कोणी म्हणेल. पटिंगपुरतं अगदी मान्य, त्या दिवशी त्याला 33 पट लागले. पण वुड्स मेजरमध्ये वाईट खेळल्याचे दिवस आधीही आले होते. तो फायदा शेवटच्या होलपर्यंत टिकवून धरणारा कोणी आला नव्हता, एवढंच. उलट बाजूही सांगायला हवी. दोनच महिन्यांनी प्रेसिडेंट्स कप या सांघिक स्पर्धेत वुड्स आणि यांग एकास एक भिडले आणि वुड्सने त्याला पाच होल बाकी असतानाच गुंडाळलं. म्हणजे यांग वुड्सपेक्षा मोठा खेळाडू होता असं मी अजिबात म्हणत नाही. त्या दोन दिवसांत तो सरस होता, आणि मेजर जिंकायला तेवढं पुरतं.

यांग हा आशियात जन्मलेला पहिला पुरुष मेजर विजेता. विजय सिंगचं नाव तुमच्या मनात आलं असेल. तो भारतीय वंशाचा, तीन मेजर जिंकलेला, पण जन्म फिजीचा. बायका मात्र खूपच पुढे होत्या: जपानच्या चाको हिगुचीने 1977 मध्येच एलपीजीए चॅम्पियनशिप ही महिलांची मेजर जिंकली होती आणि कोरियाच्या पाक से-रीने 1998 मध्ये महिलांची अमेरिकन ओपन. त्याच वेळी कोरिया आर्थिक संकटात होरपळत होता, आणि पाकला बघून तिथल्या मुलींची एक अख्खी पिढी या खेळात उतरली. पुरुषांत तैवानचा लू लियांग-हुआन 1971 मध्ये ब्रिटिश ओपनला एका फटक्याने हुकला, जपानचा इसाओ आओकी 1980 मध्ये अमेरिकन ओपनला अमेरिकेच्या जॅक निकलॉसच्या मागे राहिला. यांगनंतरचा आशियाई पुरुष विजेता यायला 2021 उजाडलं: मास्टर्समध्ये हिदेकी मात्सुयामा.

आता भारतीयांचं. जीव मिल्खा सिंग 2008 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त नववा होता. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2015 मध्ये त्याच स्पर्धेत संयुक्त पाचवा आला, पुरुषांच्या मेजरमधली ती भारताची सर्वोत्तम कामगिरी. 2023 च्या ब्रिटिश ओपनला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा. लाहिरी आणि शर्मा दोघांचेही वडील लष्करातले, आणि तो योगायोग नाही: आपल्याकडे सामान्य पगारदाराच्या मुलाला गोल्फच्या मैदानात शिरायचा सोपा रस्ता लष्करी छावणीतून जातो. यांगसारखा रस्ता म्हणाल तर एसएसपी चौरसियाचा. रॉयल कलकत्ता क्लबमधल्या माळ्याचा मुलगा, तिथेच कॅडीचं, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहायचं, काम करत शिकला आणि इंडियन ओपन दोनदा जिंकला.

तेव्हा गुणवत्तेचं रडगाणं मी गाणार नाही. अडचण संख्येची आहे. एका मेजरमध्ये दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात आणि त्यात भारतीय एखाददुसरा, कित्येकदा एकही नाही. रविवारी दुपारी अठराव्या होलवर आघाडीने यायचं तर आधी गुरुवारी पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहायला मिळालं पाहिजे, आणि तेही वर्षातून एकदाच नव्हे. यांग हेझेल्टाइनला आला तेव्हा त्याच्या मागे कोरिया, जपान आणि अमेरिका मिळून दहा-बारा वर्षांची व्यावसायिक कारकीर्द आणि शांघायचा तो विजय होता. आपले चार-पाच जण दरवर्षी अमेरिकन किंवा युरोपियन टूरवर पूर्ण हंगाम खेळताना दिसले, की हा प्रश्न पुन्हा विचारा. तेव्हा मी नाव घेऊन उत्तर देईन.