टाइल फुटणार की नाही, आधी ते ठरवा

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं किचन २२ वर्षांचं आहे, साधारण ८ बाय १० फूट, आणि आता खरंच जीव विटलाय त्याला. सिंकखालचं कपाट फुगलंय, दार लागत नाही, दोन ट्रॉल्या अडकतात, प्लग पॉइंट दोनच म्हणून एक एक्स्टेन्शन बोर्ड कायम ओट्यावर लोळत असतो, ओटा इतका खाली की माझी कंबर जाते (मी ५ फूट ६ इंच, सासूबाई ४ फूट ११, त्यांना तो अगदी बरोबर वाटतो), आणि हो, सिंकच्या मागच्या भिंतीला पलीकडून बेडरूममध्ये रंगाचे पोपडे आलेत. दोघांकडून कोटेशन घेतलं. एक म्हणतो नुसती शटर आणि ट्रॉल्या बदलू, चार दिवसात नवं दिसेल. दुसरा म्हणतो सगळं तोडा, हॉलकडची भिंतही पाडा, ओपन किचन करा, दोन महिने धरा. मिस्टर म्हणतात करायचं तर सगळंच, नाहीतर राहू दे. मला दोन्ही पटत नाहीये. नक्की कुठपर्यंत जावं?

उत्तर: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही "आणि हो" म्हणून शेवटी लिहिलीत. ते बेडरूममधले पोपडे. फुगलेलं कपाट आणि पलीकडचे पोपडे हे एकाच पाण्याचं काम असू शकतं, आणि ते पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत दोन्ही कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवून द्या.

मी किचनच्या कामाचे दोनच प्रकार मानते, टाइल न फोडता होणारं आणि टाइल फोडून होणारं. शटर, ट्रॉल्या, नळ, लाइट, चिमणी, ओट्याखालची कपाटं, हे सगळं पहिल्यात बसतं, आणि हे आज अर्धं, पुढच्या वर्षी अर्धं असं केलं तरी काही बिघडत नाही. दुसऱ्यात भिंतीतले पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, ओट्याची उंची, सिंकची जागा. इथे अर्धवट केलं की फसलात, कारण एकदा भिंत फोडली की गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन तिघंही येणारच आणि धूळ तेवढीच होणार, मग आत जे जुनं आहे ते सगळं त्याच वेळी बदलायचं. सगळ्यात महाग पडतो तो मधला रस्ता, म्हणजे वरून नवंकोरं आणि आत जुने पाइप.

हे मी शिकले ते स्वतःच्या घरात. नवीन कपाटं केली, नवीन ओटा केला, हौसेने टाइल्स निवडल्या, आणि भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप तसेच ठेवले कारण काम करणारा म्हणाला "चालतील की अजून". वर्ष-सव्वा वर्षाने एक दिवस खालच्या कपाटातला कागद ओला लागला. जीआय पाइप आतून गंजतो, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही, तो धार कमी होऊन सांगतो किंवा मग थेट फुटून. पाच नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या आणि त्या शेडचा लॉट संपलेला, त्यामुळे आजही सिंकच्या वर पाच टाइल्स किंचित पिवळट दिसतात. पाहुण्यांना दिसत नाहीत म्हणे, मला रोज दिसतात. (टाइल्स घ्याल तेव्हा डझनभर जास्त घ्या आणि माळ्यावर टाका.)

तर आता तपासणी. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, मधे कोणी पाणी वापरू नका, सकाळी परत बघा. आकडा सरकला असेल तर घरात कुठेतरी प्रेशरच्या लाइनला (नळांना पाणी आणणाऱ्या पाइपला) गळती आहे, फक्त फ्लशची टाकी गळत नाही ना तेवढं आधी बघून घ्या. सांडपाण्याचा पाइप मीटरवर कळत नाही, त्यासाठी सिंकखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा, सिंक भरा आणि बूच एकदम काढा, मग टॉर्च लावून जोडांवरून कोरडा टिश्यू फिरवा. बेडरूममध्ये सुटे पोपडे खरवडून तिथे वीतभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्की चिकटवा आणि एक-दोन दिवस राहू दे. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली ओल आहे आणि रंगावर भागेल. यातून काहीच हाती लागलं नाही तर प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. ती टेस्ट ज्याला काम द्यायचं त्याच्याकडूनच करवून घेऊ नका, का ते तुम्हाला माहितीये.

गळती फक्त सिंकखालच्या जोडात निघाली तर नशीब समजा, वॉशर, ट्रॅप आणि एक नवीन कपाट एवढ्यावर सुटाल. पण पाणी भिंतीत असेल, त्यात पाइप २२ वर्षांचे आणि जीआयचे असतील, तर शटरवाल्याचं कोटेशन फाडून टाका. ते शटर तुम्ही परत काढणार आहात.

वायरिंगचं गणित साधं आहे. २००० वॉटची इंडक्शन आणि १५०० वॉटची किटली एकदम चालू केली तर २३० व्होल्टवर साधारण १५ अ‍ॅम्पियर करंट खेचतात, आणि तुमच्याकडे अशा वस्तू लावल्या तर तो सगळा एका एक्स्टेन्शन बोर्डमधून जाणार, तोही ओट्यावर, पाण्याच्या शेजारी. उद्या भिंत फोडा नाहीतर नका फोडू, हे आधी करा. मेन बोर्डापासून किचनसाठी वेगळी लाइन, तिला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणारा स्विच), आणि अर्थ लीकेजला ट्रिप होणारा ब्रेकर नसेल तर तोही. भिंत फोडायची नसेल तर पट्टी फिटिंगमधून वायर नेता येते, दिसायला काही खास नाही पण वरच्या कपाटाच्या खालून नेली की कोणाला दिसतेय. त्याच कपाटाच्या तळाला एलईडी पट्टी पण लावून घ्या. दिवा छताला आणि आपण ओट्याशी, म्हणजे कापताना स्वतःचीच सावली सुरीवर पडते, आणि लोक वर्षानुवर्षं म्हणत राहतात की किचन अंधारं आहे.

आता ओटा, यावर तुमच्या घरी खरी चर्चा होणार. कामाची उंची कोपराच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली असावी असा ढोबळ हिशेब आहे. पण सेंटीमीटर सोडा, घरात इस्त्रीचा वरखाली होणारा स्टँड असेल तर तो किचनमध्ये आणा, वर जाड पाट ठेवा, आणि दोन-तीन दिवस त्याच्यावर रोजचं कापणं-चिरणं करा, उंची बदलत बदलत. सासूबाईंनाही उभं करा. खांदे वर ओढले जात नाहीत आणि पाठ वाकत नाही ती तुमची उंची, तिथे दोरी धरून भिंतीवर पेन्सिलने खूण करा. तुमच्या दोघींत ७ इंचांचा फरक आहे त्यामुळे खुणा वेगळ्या येणारच, मग सगळा ओटा एका लेव्हलला हवा हा हट्ट सोडायचा. सिंकमध्ये हात आणखी खाली जातात म्हणून तो भाग उंच चालतो, गॅसवर भांड्याची उंची वाढते म्हणून तो खाली बरा. तुमच्याकडे भांडी कोण घासतं आणि गॅसशी जास्त वेळ कोण असतं ते तुम्हालाच माहीत. आणि ओटा तोडायचाच नाही असं ठरलं तर चार इंच पाय असलेला जाड पाट बनवून घ्या, कापण्यापुरता. माझी एक मैत्रीण सहा वर्षं त्यावर भागवतेय.

भिंत पाडू नका, असं माझं स्पष्ट मत. पहिलं म्हणजे ती भार घेणारी आहे का हे स्ट्रक्चरल इंजिनियर सांगेल, कोटेशन देणारा नाही. दुसरं, भिंत गेली की तिच्यावरची कपाटंही गेली, आणि वास आणि मिक्सरचा आवाज हॉलमध्ये. जागा कमी वाटतेय म्हणून पाडत असाल तर १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे किचन आखलं ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट, आणि आजच्या फिटेड किचनची सुरुवात तिथून मानतात. तुमचं ८० आहे. तुमची अडचण जागेची नाहीये, अडकणाऱ्या ट्रॉल्यांची आणि ओट्यावर लोळणाऱ्या बोर्डाची आहे.

मिस्टरांच्या "सगळंच नाहीतर राहू दे" वर एवढंच सांगा की फॉइल काढल्यावर बोलू. फोडायचं निघालं तर पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, ओटा एका दमात, बजेटचा १५ टक्के भाग बाजूला (भिंतीत काय निघेल याचं कोटेशन कोणी देत नाही), आणि टाइल लागायच्या आधी उघड्या पाइप-वायरचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे ड्रिल मारताना अंदाज राहील. शटरचा रंग पैसे उरले तर ठरवा, तो कधीही बदलता येतो.

प्रश्न: आम्ही हे घर दोन वर्षांत सोडणार आहोत. कपाटं जुनाट दिसतात पण तशी चालतात. पूर्ण नवीन करावं का?

उत्तर: नाही. दोन वर्षांसाठी कोणी भिंती फोडत नाही. कपाटाचा सांगाडा चांगला आहे का तेवढं बघा. बिजागरीचा एक स्क्रू काढून परत घट्ट करा, पकड घेतली तर लाकूड जिवंत आहे, गोल गोल फिरत राहिला तर दुसऱ्या एक-दोन जागी करून बघा. सिंकच्या बाजूचं पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ एकदा पाणी पिऊन फुगलं की ते परत बसत नाही, तेवढाच तुकडा बदला. बाकीच्याला सनमायका किंवा रंग, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या आणि नवीन हँडल, झालं. फक्त हँडल आणायला जाताना जुन्या दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या, नाहीतर प्रत्येक दारावर दोन जास्तीची भोकं बुजवत बसाल.