शेतीसल्ला : अंबाडीचा वाख – पेरणीपासून वाळवणीपर्यंत

बाहेरच्या देशांत केनाफ म्हणतात ती आपली अंबाडी. तिच्या काड्या पाण्यात सडवून सालीतून जो धागा काढतात, तो वाख. तिच्याबद्दल ठाणे जिल्हा आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दोन गुंठे वरकस जमीन रिकामी आहे. वाखासाठी अंबाडी कधी आणि कशी पेरावी? – वाचक, मुरबाड

पहिला चांगला पाऊस झाला की जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पेरा. दिवस लहान होऊ लागला की अंबाडी फुलावर येते आणि मग उंची वाढणे जवळजवळ थांबते. पेरणी जुलैअखेरपर्यंत लांबली तरी फुले सप्टेंबरातच येणार, म्हणजे गुडघा-कमरेएवढ्या झाडाचा आखूड वाख हाती लागणार. आमच्या मते खतापेक्षा पेरणीच्या तारखेला जास्त जपावे.

दोन गुंठ्यांना 250 ते 300 ग्रॅम बी लागते. दोन ओळींत 30 सेंमी अंतर ठेवा, बी 2-3 सेंमी खोल टाका आणि तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत 10 सेंमी राखा. जागा जास्त सोडली तर फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीपाशी धागा तुटका निघतो. विरळलेल्या रोपांची भाजी होते. खत एवढेच द्या : सिंगल सुपर फॉस्फेट अडीच किलो आणि पोटॅश साधारण 650 ग्रॅम पेरणीच्या वेळी, युरिया पावणेदोन किलो, पण दोन हप्त्यांत. आपल्याकडच्या पावसात एकदम टाकलेला युरिया वाहून जातो. रोपे लहान असताना पाणी साचले तर बुंधा सडतो, म्हणून उताराला चर काढा. भाताचे खाचर या पिकाला चालत नाही.

बी घेताना वाखाचे वाण मागा, उदाहरणार्थ एचसी 583 किंवा एएमसी 108. भाजीसाठी विकली जाते ती लाल देठाची आंबट अंबाडी बहुधा वेगळ्या जातीची असते. ती उशिरा फुलते आणि फांद्या जास्त करते.

प्रश्न : ओढ्याच्या डोहात पेंढ्या बुडवल्या, वर चिखल आणि केळीचे खांब ठेवले. वाख काळपट निघाला, शेंड्याकडे ओढताच तुटतो आणि बुंध्याकडे साल चिकटलेलीच राहिली. कुठे चुकले? – वाचक, शहापूर

ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत.

काळेपणा चिखलामुळे आला. सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) असते, चिखलात लोह असते. दोन्ही एकत्र आले की काळा रंग बसतो आणि तो धुऊन जात नाही. केळीच्या खांबातले टॅनिन त्यात भर घालते. वजनासाठी धुतलेले दगड किंवा वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरा. गंजका लोखंडी पिंपही टाळा.

शेंडा नाजूक आणि बुंधा कच्चा राहिला, कारण सगळी पेंढी एकाच वेळी आडवी बुडवली. बुंध्याची साल जाड असते, तिला जास्त दिवस लागतात. तोवर शेंड्याकडचा धागा कुजून जातो. निम्म्या झाडांना फुले आली की जमिनीलगत कापणी करा. वीत-सव्वावीत जाडीच्या पेंढ्या बांधून तीन-चार दिवस शेतातच उभ्या ठेवा, पाने गळून पडतील. मग फक्त बुंधे दोन फूट पाण्यात राहतील अशा तीन दिवस उभ्या ठेवा आणि त्यानंतर आडव्या करा. वर 10 ते 15 सेंमी पाणी हवे आणि पेंढी तळाला टेकता कामा नये. पाणी संथ वाहते असेल तर उत्तम. जोराचा प्रवाह सडवणारे जिवाणू वाहून नेतो.

हे जिवाणू 34 अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने काम करतात. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात बारा ते पंधरा दिवस पुरतात, डिसेंबरात वीस-बावीसही लागतील. दिवस मोजून पेंढी काढू नका. दहाव्या दिवसापासून रोज वेगवेगळ्या पेंढ्यांतली एकेक काडी काढून मधोमध मोडा. साल आतल्या पांढऱ्या काडीवरून सहज सरकली आणि धागे सुटे झाले की त्याच दिवशी सगळा माल बाहेर काढा. या टप्प्यावर दोन दिवसांची दिरंगाईसुद्धा ताकद खाते. पश्चिम बंगालमधल्या बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेची ‘क्रायजाफ सोना’ ही जिवाणूंची पावडर मिळाली तर काही दिवस वाचतात आणि रंगही उजळ येतो.

वाख एकेका झाडाचा सोला. घाईत मूठभर काड्या एकदम मोडल्या की धागे गुंततात. स्वच्छ पाण्यात धुऊन, पिळून बांबूवर टांगा. जमिनीवर पसरू नका. परतीचा पाऊस संध्याकाळी येतो, तेव्हा वर झाकण्याची सोय आधीच करा.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी गच्चीवर 200 लिटरच्या पिंपात वाख काढता येईल का? – शिक्षिका, ऐरोली

येईल, पण अख्ख्या काड्या घालू नका. पाणी काड्यांच्या वजनाच्या वीसपट हवे. म्हणजे पिंपात जेमतेम 10 किलो ओल्या काड्या आणि त्यातून सुमारे अर्धा किलो वाख. त्याऐवजी कापणीच्याच दिवशी लाकडी हातोडीने बुंधा ठेचून हिरवी साल पट्ट्यांत सोलून घ्या. काडी वाळली की साल निघत नाही. पट्ट्या कमी पाण्यात मावतात आणि आठवडा-दहा दिवसांत सडतात. मागच्या खेपेचे बादलीभर पाणी विरजणासारखे घातले तर काम लवकर सुरू होते. वास येणारच, म्हणून जागा खिडक्यांपासून दूर निवडा. पिंपावर बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील. उरलेले पाणी गटारात किंवा खाडीत सोडू नका. त्यातला सेंद्रिय भाग कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. चार-पाचपट साधे पाणी मिसळून ते झाडांना घाला.

प्रश्न : सोसायटीच्या बागेत अंबाडी लावली, तर शेजाऱ्यांना ती गांजा वाटली. – वाचक, घोडबंदर रोड

पाने दुरून तशीच दिसतात. अंबाडीचे पान मात्र एकसंध असते, त्याच्या बोटांसारख्या खाचा देठापाशी जोडलेल्या राहतात. गांजाची पर्णिका तळापर्यंत सुटी असते. अंबाडीच्या खोडावर बारीक काटे असतात. अंबाडी भेंडी-जास्वंदीच्या कुळातली आहे. फूल येताच शंका उरणार नाही : फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये गडद जांभळट-लाल ठिपका.

प्रश्न : भेंडी काढून त्याच जागी अंबाडी पेरली. झाडे खुजी राहिली, मुळांवर गाठी आहेत. – वाचक, भिवंडी

हा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारा सूक्ष्म किडा. भेंडी, वांगी, टोमॅटो आणि अंबाडी, सगळ्यांवर तो वाढतो. या हंगामात उपाय नाही. ही झाडे मुळांसकट उपटून जाळा, पुढची दोन वर्षे तिथे ज्वारी किंवा नाचणी घ्या आणि कडेला झेंडू लावा.

प्रश्न : वाख विकला जाईल का? – वाचक, खारघर

गिरणीच्या भरवशावर लावू नका. ताग गिरण्या मुख्यतः बंगालमध्ये हुगळीकाठी आणि थोड्या उत्तर आंध्रात आहेत; गुंठ्याला मिळणारा 15 ते 20 किलो वाख तिथवर पाठवणे परवडत नाही. दावी, कासरे, पायपुसणी, विणलेल्या पिशव्या किंवा हातकागद यांपैकी एखादी वस्तू स्वतः करणार असाल किंवा करणारा गट जवळ असेल, तरच लागवड करा. वस्तूप्रमाणे कापणीची वेळही ठरते : पिशवीसाठी फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापा, धागा मऊ येतो, दोरखंडाला थोडा उशीर चालतो. आतल्या पांढऱ्या काड्या तुकडे करून गोठ्यात अंथरा, ओल चांगली शोषतात.